नेम, माळ आणि तीनशे पासष्ट दिवस

वर्षभराचं आव्हान हा आता जवळजवळ एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच झाला आहे. न्यूयॉर्कमध्ये कचेरीत नोकरी करणाऱ्या ज्युली पॉवेल यांनी २००२ साली ठरवलं की, ज्युलिया चाइल्ड यांच्या फ्रेंच पाककृतींच्या पुस्तकातले सगळे ५२४ पदार्थ ३६५ दिवसांत आपल्या लहानशा स्वयंपाकघरात करून बघायचे. ते तडीस गेलं, २००५ मध्ये त्याचं पुस्तक झालं आणि २००९ मध्ये सिनेमाही. ए. जे. जेकब्ज यांनी वर्षभर बायबलमधले नियम शब्दशः पाळून पाहिले, ग्रेचेन रूबिन यांनी महिन्याला एक विषय घेऊन वर्षभर आनंदाचा पाठपुरावा केला. आपल्याकडे याची रूपं वेगळी आहेत. वर्षात बावन्न पुस्तकं, दर महिन्याला दोन किल्ले, रोज सूर्यनमस्कार, साखर बंद, रात्री नऊनंतर मोबाइल बाहेरच्या खोलीत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार माणसं चहाला जमली की दोघांकडे नवी यादी तयार असते आणि उरलेल्या दोघांकडे गेल्या वर्षीची यादी का फसली याचं सविस्तर स्पष्टीकरण.

याची टिंगल करणं सोपं आहे आणि दरवर्षी जानेवारीत वर्तमानपत्रं ती नेमाने करतात. प्रश्न मात्र टिंगलीने सुटत नाही. वर्ष संपल्यावर माणसाच्या हाती नेमकं काय राहतं? यावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी बरीच मोजदाद केली आहे. आपल्या घराघरांत तर त्याहून जुना अनुभव साठलेला आहे, फक्त त्याला कोणी प्रयोग म्हणत नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की, आव्हान आणि सवय या दोन निराळ्या वस्तू आहेत. आव्हानाला शेवट असतो, सवयीला नसतो. आपण सुरू करतो आव्हान, अपेक्षा धरतो सवयीची, आणि मग दोन्हींतलं काहीच न मिळाल्याचा दोष स्वतःच्या इच्छाशक्तीला देऊन मोकळे होतो.

आधी तारखेचं बघू. एक जानेवारीला किंवा पाडव्याला सुरुवात करण्यात काही अर्थ आहे का? आहे. हेंगचेन डाय, केटी मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली अमेरिकेतली आकडेवारी मांडली. एका विद्यापीठाच्या व्यायामशाळेतली हजेरी आठवड्याच्या, महिन्याच्या, सत्राच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला वाढते, वाढदिवसानंतरही वाढते. अपवाद एकच, एकविसाव्या वाढदिवसाचा. तिथे त्या वयाला कायद्याने दारू पिता येते, तेव्हा कारण शोधायला फार लांब जायला नको. मधल्या काळाला जाड रेघ मारली की जुन्या चुका रेघेच्या पलीकडच्या माणसाच्या नावावर जातात आणि अलीकडचा माणूस कोरा होतो. हे खोटं आहे, पण उपयोगी खोटं आहे.

उपयोग किती, याचाही अंदाज आहे. जॉन नॉरक्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात नव्या वर्षाचा संकल्प केलेल्या दोनशे लोकांचा दोन वर्षं मागोवा घेतला. पहिल्या आठवड्याअखेर ७७ टक्के लोक टिकून होते, दोन वर्षांनी १९ टक्के. हा आकडा संकल्पांची अंत्ययात्रा म्हणून सांगितला जातो. पण त्याच नॉरक्रॉस यांचा २००२चा दुसरा अभ्यास फारसा कोणी सांगत नाही. त्यात त्यांनी संकल्प केलेल्यांची तुलना अशा लोकांशी केली, ज्यांना तीच गोष्ट बदलायची होती, पण ज्यांनी संकल्प केला नव्हता. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले ४६ टक्के यशस्वी होते, दुसऱ्यातले ४ टक्के. दोन्ही गटांनी स्वतःविषयी स्वतःच सांगितलेली माहिती आहे, तेव्हा थोडं मीठ लावूनच घ्यावी. तरी ‘बघू कधीतरी’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘एक तारखेपासून’ म्हणणारा पुढे जातो, एवढं मानायला हरकत नाही.

तारखेनंतर मुदत. एकवीस दिवसांत सवय लागते, हे वाक्य आता शाळेच्या फळ्यावरसुद्धा दिसतं. त्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. आपल्या रुग्णांना नव्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे त्यातला ‘निदान’ गळला, चेहरा गळला आणि व्यायामापासून ध्यानापर्यंत सगळ्याला एकवीस दिवस लागू झाले. या आकड्याला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासाने धक्का दिला. ९६ स्वयंसेवकांनी आपल्या आवडीची एक साधी कृती निवडली आणि ती रोज ठरावीक प्रसंगी करायची, असं ठरलं. कुणी जेवणाबरोबर फळ, कुणी पाण्याचा पेला, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावणं. बारा आठवडे त्यांनी नोंद ठेवली. कृती आपोआप घडू लागायला मध्यावरच्या माणसाला ६६ दिवस लागले.

आता एकवीसच्या जागी सहासष्ट आलं आहे आणि तेही तसंच फळ्यावर लिहिलं जातं. खरं तर त्या अभ्यासात वाचण्यासारखं त्या आकड्याच्या आजूबाजूला आहे. माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्यातले २५४ दिवस कोणी मोजलेले नाहीत, प्रयोग चालला ८४ दिवस, पुढचा आलेख गणिताने ओढलेला. तो आलेख नीट जुळला तोही फक्त ३९ जणांना. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला तिच्या साधारण दीडपट वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकला तर काही बिघडलं नाही. हे शेवटचं वाक्य फळ्यावर लिहायला हवं होतं.

याच्या उजेडात ‘दर महिन्याला एक नवी सवय’ हा लोकप्रिय आराखडा तपासून पाहा. जानेवारीत पहाटे उठणं, फेब्रुवारीत ध्यान, मार्चमध्ये रोजनिशी. तीस दिवसांत व्यायामासारखी सवय मुरलेली नसते, तोवर पुढची येऊन डोक्यावर बसते. नोव्हेंबरात अकरा अर्धकच्च्या सवयी सांभाळत बारावीची तयारी करायची. सकाळचे दोन तास केवळ स्वतःला सुधारण्यात जातात आणि ऑफिसची गाडी चुकते. हा आराखडा पुस्तकाला सोयीचा आहे, त्याला बारा प्रकरणं मिळतात.

आता आपल्या घरात येऊ. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याची पीठ पेरून भाजी, जे जे कांद्याचं होईल ते ते सगळं करून खायचं, कारण दोनच दिवसांनी आषाढी एकादशी आणि तिथून चातुर्मास. कांदा, लसूण, वांगं बंद. आमच्या शेजारच्या काकूंच्या घरी हा सोहळा दरवर्षी बघतो. सकाळपासून टोपलीभर कांदे चिरले जातात, दारं-खिडक्या उघड्या ठेवून भजी तळली जातात, उरलेसुरले कांदे संध्याकाळी कामवाल्या ताईंना दिले जातात. दुसऱ्या दिवशी कांद्याची टोपली धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर जाते. टोपली माळ्यावर जाते हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढचे चार महिने काकूंना कांद्याचा मोह आवरावा लागत नाही, कारण घरात कांदाच नसतो. वांग्याची सुटका त्याहून उशिरा, मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून.

या नेमाची बांधणी बारकाईने बघण्यासारखी आहे. सुरू होण्याची तिथी ठरलेली आणि सगळ्या गावाची एकच. मुदत ठरलेली. काय सोडायचं ते एका शब्दात सांगता येणारं. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शेवट. सोळा सोमवार केले की सतराव्या सोमवारी उद्यापन, मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं शेवटच्या गुरुवारी उद्यापन, मंगळागौर पाच वर्षं पुजून उद्यापन. नेम पुरा झाला, चार माणसांना जेवायला बोलावलं, वाण दिलं, संपलं. दुसऱ्या दिवशी काकू कांदा खातात तेव्हा त्यांना आपण घसरलो असं वाटत नाही. मध्येच अडचण आली तर काय करायचं, हेही ठरलेलं असतं. पूजा दुसऱ्याकडून करून घ्यायची, तो वार धरायचा की सोडायचा याचा घराघराचा रिवाज असतो. खंड पडणार हे गृहीत धरून नियम केलेला आहे.

याच्या शेजारी तुळशीची माळ ठेवा. माळ घातली की मांसाहार सुटला, दारू सुटली, एकादशी आली, पंढरीची वारी आली. याला उद्यापन नाही. माळ काढायची तारीख कोणत्याच पंचांगात नसते. पण माळ म्हणजे तीस दिवसांचं आव्हान लांबवत लांबवत जन्मभराचं केलेलं नसतं. माणूस फडात, दिंडीत, ओळखीच्या मंडळींसमोर माळ घालतो आणि त्या दिवसापासून तो माळकरी होतो. त्याची ओळख बदलते. लग्नाच्या पंगतीत त्याला कोणी आग्रह करत नाही, गावातल्या ओल्या पार्टीचं आमंत्रण त्याच्यापर्यंत येतच नाही. त्याच्या गळ्यातली वस्तू त्याच्या वतीने रोज शंभर वेळा नाही म्हणत असते. सवयींवर लिहिणारे अलीकडचे लेखक ‘मला धावायचंय’ ऐवजी ‘मी धावणारा आहे’ म्हणा, असा सल्ला देतात. गळ्यात काही नसताना हे वाक्य एकट्याने आरशात म्हणणं जरा अवघड जातं.

म्हणजे आपल्याकडे दोन निराळे साचे होते. एक मुदतीचा नेम आणि दुसरी बिनमुदतीची माळ. कोणी चातुर्मासाचा नेम करून माळेच्या फळाची अपेक्षा धरत नसे. ‘नवं वर्ष, नवा मी’ या घोषणेत हे दोन्ही साचे एकमेकांत ओतलेले असतात.

परंपरेचं इतकं कौतुक केल्यावर एक गोष्ट सांगायला हवी. नेमांचं ओझं प्रामुख्याने बायकांवर होतं आणि आहे. नवऱ्याच्या आयुष्यासाठी, मुलाच्या परीक्षेसाठी, घरच्या दुखण्यासाठी उपवास कोणी करायचा हे न विचारताच ठरलेलं असे. आणि उपवास करून इतरांचा साग्रसंगीत स्वयंपाकही तिनेच करायचा. साचा चांगला असणं आणि त्यात कोणाला ओतलं जातं हे चांगलं असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

एका माणसाने एक वर्ष हाती घेतलं आणि त्याची नोंद नीट राहिली, अशी काही उदाहरणं इतिहासात आहेत. बेंजामिन फ्रँकलिनचं सर्वांना ठाऊक असतं. त्याने ऐन तारुण्यात तेरा सद्गुणांची यादी केली, एका आठवड्याला एक गुण, तेरा आठवड्यांची एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. वहीत चौकटी आखून चुकेल तिथे काळा ठिपका द्यायचा. नव्या फेरीसाठी जुने ठिपके खोडता खोडता कागदाला भोकं पडली, तेव्हा त्याने पुसता येतील अशी हस्तिदंती पानं घेतली. यादीतल्या सुव्यवस्थेने त्याला शेवटपर्यंत दाद दिली नाही. सवयींची पुस्तकं इथवर सांगतात. पुढचं तो आत्मचरित्रात स्वतःच लिहून गेला आहे. काही काळाने वर्षाला एकच फेरी, मग काही वर्षांतून एक आणि शेवटी कामाच्या व प्रवासाच्या धबडग्यात तीही बंद. परिपूर्णता मिळाली नाही, पण प्रयत्न न करता होतो त्यापेक्षा बरा माणूस झालो, असा त्याचा हिशेब. सवयींच्या आद्य पुरुषाची वहीसुद्धा एक दिवस बंद पडली होती, हे मला मोठं दिलाशाचं वाटतं.

टिळकांचं वर्ष वेगळ्या जातीचं. डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिलं वर्ष त्यांनी शरीर कमावण्यात घालवलं. तब्येत तोळामासा होती, म्हणून तालीम, पोहणं, आहार यांपलीकडे त्या वर्षी फारसं काही केलं नाही आणि त्या वर्षी ते परीक्षेत नापास झाले. एका वर्षात एकच गोष्ट, आणि तिची किंमत उघडपणे मोजलेली. आजच्या यादीत नापास होण्याचा रकाना नसतो, सगळंच जास्तीचं, नोकरी, घर, प्रवास सांभाळून वर करायचं. वर्षभराचं आव्हान कशाच्या जागी येणार आहे, हे जो आधी ठरवत नाही त्याचं आव्हान झोपेच्या जागी येतं.

सगळ्यांत शिकण्यासारखं मात्र विनोबांचं वर्ष. १९१७ मध्ये त्यांनी गांधीजींकडून आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली. तब्येत सुधारायची आणि संस्कृतचा अभ्यास करायचा, एवढ्यासाठी. ते वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे गेले आणि उपनिषदं, गीता, ब्रह्मसूत्रांवरचं शांकरभाष्य शिकले. तब्येतीसाठी आधी रोज दहा-बारा मैल चालणं, मग सहा-आठ शेर धान्य दळणं आणि पुढे तीनशे सूर्यनमस्कार. मिरची-मसाला सोडला, मिठाचे प्रयोग केले, दुधाविषयी मनाशी भांडण चालू ठेवलं. महाराष्ट्रात पायी हिंडून किल्ले पाहिले, गावोगाव गीतेवर प्रवचनं दिली. विद्यार्थी जमवून त्यांच्याकडून दळण दळवून घेतलं, दोन शेरांना एक पैसा, आणि तो पैसा वाचनालयाला. रजा संपत आली तेव्हा गांधीजींना पत्र लिहून वर्षाचा जमाखर्च कळवला आणि वर्ष भरलं त्या दिवशी आश्रमात हजर झाले.

विनोबांची इच्छाशक्ती आपल्यात नाही, तेव्हा ती बाजूला ठेवू. बाकीचं उसनं घेता येतं. रजा घेतली होती, म्हणजे वर्षाला जागा रिकामी केली होती. जागा बदलली होती. व्यायामाचा प्रकार वर्षात दोनदा बदलला, पण व्यायाम सुटला नाही. दळण हे व्यायामही होतं, वाचनालयाची वर्गणीही आणि मुलं जमवण्याचं निमित्तही. आणि वर्षाच्या शेवटी एका आदराच्या माणसाला हिशेब द्यायचा होता. आजचा माणूस हिशेब मोबाइलमधल्या आलेखाला देतो, त्याला कधी कोणी रागावल्याचं ऐकिवात नाही.

आता निश्चय टिकवतं काय, याविषयीचं आजचं संशोधन. इच्छाशक्ती ही वापरली की संपणारी पुंजी आहे, हा रॉय बाउमायस्टर यांचा १९९८ चा प्रसिद्ध सिद्धांत. त्याची २३ प्रयोगशाळांनी मिळून २०१६ मध्ये फेरतपासणी केली, तेव्हा परिणाम जवळपास शून्यावर आला. वाद मिटलेला नाही, पण ‘संध्याकाळी माझी इच्छाशक्ती संपलेली असते’ हे कारण तरी जपून द्यावं. पैसे आधी भरले की माणूस जातोच, ही समजूतही तशीच. अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या हजारो सभासदांचा हिशेब स्टेफानो डेला विन्या आणि उल्रिके माल्मेंडिअर यांनी २००६ मध्ये मांडला. महिन्याला सत्तरहून अधिक डॉलर भरणारे लोक महिन्यातून सरासरी चारदाच जात, म्हणजे प्रत्येक वेळेला सतराहून अधिक डॉलर पडत. दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला दहाच पडले असते. म्हणजे फी भरताना माणूस डिसेंबरातल्या आपल्या प्रतिमेची वर्गणी भरत असतो. आपल्याकडच्या जिमवाल्यांना हे कोणी शिकवावं लागलेलं नाही. वार्षिक फीवरची घसघशीत सूट नेमकी त्याच दिवसांत असते.

टिकणारी गोष्ट साधी निघते. पीटर गोलविट्झर यांनी दाखवलं की ‘मी व्यायाम करीन’पेक्षा ‘सकाळचा चहा झाला की गच्चीवर जाऊन दहा मिनिटं’ असं बोलणारा जास्त वेळा गच्चीवर पोचतो. कधी, कुठे, कशानंतर. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ अभ्यास एकत्र करून हे ताडून पाहिलं. पूजेला बसल्यावर भटजी आपल्याकडून जो संकल्प म्हणवून घेतात, त्यात गोत्र-नाव, नदीचा कोणता तीर, कोणतं संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार असं सगळं येऊन मग शेवटी ‘करीन’ येतं. आपण ते गुळगुळीत झालेलं ऐकतो, पण त्यातला क्रम विचारपूर्वक बसवलेला आहे.

दुसरी टिकाऊ गोष्ट म्हणजे मोजक्या शब्दांचा नियम. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांत जेवण्याचा सल्ला काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रभर पसरला. त्यावर डॉक्टरांमध्ये वाद झाले, त्यात मी पडत नाही. पण तो पसरला कसा, हे बघण्यासारखं आहे. त्यात काही वजन करून खायचं नव्हतं, काही महागडं विकत घ्यायचं नव्हतं, घरात जे शिजतं तेच खायचं. ‘आत्ता खायचं की नाही’ हा दिवसातून वीसदा पडणारा प्रश्न दोनदाच पडू लागला. शिवाय व्हॉट्सअॅपवर गावोगावचे गट होते. नातेवाइकांच्या घरी ‘मी दीक्षित करतोय’ एवढं म्हटलं की बशी परत जाई. काही महिन्यांपुरती का होईना, ती एक माळच होती.

सर्वांत मोठा प्रयोग २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. मिल्कमन यांच्यासह तीस शास्त्रज्ञांनी एका अमेरिकन व्यायामशाळा-साखळीच्या ६१,२९३ सभासदांवर चार-चार आठवड्यांचे ५४ कार्यक्रम करून पाहिले. त्यांपैकी ४५ टक्के कार्यक्रमांनी हजेरी ९ ते २७ टक्के वाढवली. अव्वल ठरलेल्या कार्यक्रमात काय होतं? व्यायाम चुकवला आणि मग माणूस परत आला, तर त्याला साधारण नऊ सेंट किमतीचे जास्तीचे गुण. सातत्याला बक्षीस नव्हतं, परतण्याला होतं, तेही चिल्लर. पण चार आठवडे संपल्यावरही ज्यांचा परिणाम दिसत राहिला, असे कार्यक्रम फक्त ८ टक्के निघाले. आव्हान संपलं, बहुतेकांची सवयही संपली.

परतण्याचा हा मुद्दा मला सगळ्या आढाव्यात सर्वांत वजनदार वाटतो. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये काही बायकांना आधी मिल्कशेक दिला आणि मग पुढ्यात आइस्क्रीम ठेवलं. एरवी मोजून-मापून खाणाऱ्या बायकांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी नाही, उलट जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच आहे तर आता पुरतंच मोडू. गणपतीत पहिला मोदक खाल्लेल्या प्रत्येक मधुमेही माणसाला हा युक्तिवाद तोंडपाठ असतो. व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या अॅलन मार्लॅट यांनी १९८०च्या दशकात याचीच गंभीर बाजू दाखवली. एका घोटाने माणूस बुडत नाही, त्या घोटानंतर ‘मी असाच आहे’ या निष्कर्षाने बुडतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांमध्ये म्हणूनच वर्षाची भाषा जपून वापरतात. तिथे फक्त आजचा दिवस असतो. वर्ष पूर्ण झालं की वाढदिवस होतो, पण पुढच्या वर्षाचं वचन कोणी मागत नाही.

मोबाइलमधली अॅप्स नेमकी याच्या उलट जातात. सलग किती दिवस, हा आकडा पडद्यावर सगळ्यांत ठळक. तो दोनशेच्या पुढे गेला की माणूस भाषा शिकण्यासाठी नव्हे, आकडा वाचवण्यासाठी रात्री पावणेबाराला पांघरुणातून दोन प्रश्न सोडवतो. ड्युओलिंगोसारख्यांनी पुढे एखादा दिवस माफ करण्याची सोय ठेवली, ती व्यवहारातून शिकूनच. मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या पोथ्यांत ती आधीपासून होती.

पळणाऱ्यांच्या जगात हे फार स्पष्ट दिसतं. २००४ मध्ये सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन किंवा साताऱ्याची घाटातली अर्धमॅरेथॉन यांमुळे कितीतरी बैठ्या माणसांनी बूट बांधले. स्पर्धा हे चोख आव्हान आहे. तारीख, अंतर, पदक. पण स्पर्धेनंतरच्या सोमवारी पुण्याच्या कुठल्याही टेकडीवर जा, ओळखीचे अर्धे चेहरे गायब. जे उरतात त्यांचं बोलणं ऐकावं. ते वेळेविषयी, पदकांविषयी कमी आणि ‘उद्या कोण कोण येतंय, कुठल्या फाटकापाशी’ याविषयी जास्त बोलतात.

आणि ज्यांना फाटकापाशी यायलाच मिळत नाही, त्यांचं काय? वर्षभराच्या आव्हानाची बहुतेक पुस्तकं ज्याला दिवसातला एखादा तास स्वतःच्या मालकीचा आहे, अशा माणसाने लिहिलेली आहेत. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार आपल्या देशात घरातली बिनमोबदला कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. पहाटे पाचला उठून ध्यान करा, हा सल्ला जी बाई पाचला उठून डबे करते तिला देणं म्हणजे तिला चार वाजता उठवणं आहे.

तरीही त्या करतात, आणि बहुतेक वेळा कोणतंही पुस्तक न वाचता वर सांगितलेली प्रत्येक युक्ती वापरून करतात. आमच्या सोसायटीत काही जणी सकाळी चालायला जायच्या. त्यांची वेळ घड्याळाची नव्हती, नळाची होती. साडेपाचला पाणी यायचं, पिंप आणि कळशा भरून झाल्या की गेटपाशी जमायचं. सव्वासहाला वळसा पुरा, पावणेसातला डबे. एखादी आली नाही तर तिच्या दारावरची बेल वाजायची, दोन दिवस आली नाही तर घरी कोण आजारी आहे ते बघायला कोणीतरी वर जायची. मग पाण्याची वेळ बदलून संध्याकाळची झाली. सकाळची जी खूण होती तीच गेली, आणि गट आठ-दहा दिवस फुटल्यासारखा झाला. पुढे त्यांनी संध्याकाळचं पाणी भरून झाल्यावर, साडेसातला, निघायचं ठरवलं. मालिकेची वेळ आड आली म्हणून दोघी गळाल्या. खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली एक आली, ती आता बेल वाजवायचं काम करते.